लिनक्सवर लॅपटॉपची बॅटरी कशी वाचायची आणि कंपनीला काय विचारायचं

लॅपटॉपवर उबुंटू, मिंट किंवा फेडोरा घातलं की पहिल्या काही दिवसांत कानावर येणारी तक्रार बहुतेक वेळा बॅटरीची असते. विंडोजवर पाच तास चालायची, आता तीनच तास चालते. टक्के दाखवतं ते खोटं आहे. बॅग उघडली तर लॅपटॉप गरम आणि बॅटरी संपलेली. यातल्या काही तक्रारी खरंच लिनक्सच्या असतात, काही बॅटरीच्या वयाच्या आणि बऱ्याचशा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आत भरलेल्या फर्मवेअरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या. कुठली तक्रार कुणाकडे न्यायची हे कळलं की निम्मा त्रास वाचतो. लिनक्सवर नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितो आहे, त्यातही गोव्यात राहून लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी. इथला दमट उकाडा आणि पावसाळ्यात तासन्‌तास जाणारी लाईट या दोन्हींशी बॅटरीचा रोजचा संबंध आहे.

आकडा येतो कुठून

बॅटरीच्या खोक्यात सेलबरोबर एक छोटी चिप असते. किती करंट आत गेला आणि किती बाहेर पडला याचा हिशेब ती ठेवते. मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर तो हिशेब तिच्याकडून घेतो आणि बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये, कंपनीने लिहिलेल्या एसीपीआयच्या कोष्टकांमार्फत ऑपरेटिंग सिस्टिमला देतो. एसीपीआय हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली आणलं. २०१३ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे. म्हणजे विंडोज असो की लिनक्स, प्रश्न विचारायची पद्धत ठरलेली आहे आणि उत्तर कंपनीच्या फर्मवेअरकडून येतं.

लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या गाभ्याचं, काम वीजखात्याच्या मीटर वाचणाऱ्या माणसासारखं आहे. मीटरच बिघडला असेल तर तो बिचारा चुकीचाच आकडा लिहून नेणार. म्हणून "लिनक्स चुकीचे टक्के दाखवतं" असं म्हणण्याआधी मीटर तपासायचा.

सुरुवात: स्वतः आकडे वाचा

नोम डेस्कटॉप (उबुंटू आणि फेडोराचा नेहमीचा) असेल तर सॉफ्टवेअरच्या दुकानातून पॉवर स्टॅटिस्टिक्स नावाचं छोटं अॅप घ्या. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरत असाल तर इन्फो सेंटरमध्ये एनर्जीचं पान आधीपासूनच असतं. दोन्ही ठिकाणी बॅटरीची मूळ क्षमता, आजची क्षमता आणि चार्ज उतरत जाण्याचा आलेख दिसतो. नवख्या माणसाला एवढंही पुरे. पण एकदा तरी मूळ जागी जाऊन पाहा असं मी आग्रहाने सांगेन, कारण अॅप काही आकडे लपवतं.

फाइल मॅनेजरमध्ये अगदी मुळापासून सुरू करा. सिस नावाचा फोल्डर, त्यात क्लास, त्यात पॉवर-सप्लाय, त्यात बॅट-झिरो. काही लॅपटॉपांवर बॅट-वन असतो, काहींवर आणखी वेगळं नाव. फाइलींच्या खऱ्या नावांत शब्दांमध्ये अंडरस्कोर असतो, मी इथे वाचायला सोपं म्हणून जोडरेघ वापरतो आहे. त्या फोल्डरावर राइट क्लिक करून टर्मिनल उघडा आणि कॅट ही आज्ञा देऊन युइव्हेंट ही फाइल वाचा. वीसेक ओळींत बॅटरीची सगळी कुंडली समोर येते.

समजा त्यात एनर्जी-फुल-डिझाइनपुढे ५००००००० आणि एनर्जी-फुलपुढे ४१०००००० असं लिहिलेलं आहे. हे आकडे मायक्रोवॉट-तासांत असतात, म्हणून शेवटचे सहा अंक झाकायचे. बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हा ५० वॉट-तासांची होती, आज पूर्ण भरली तरी ४१ वॉट-तासच धरते. ४१ भागिले ५०, म्हणजे ८२ टक्के तब्येत. पडद्याच्या कोपऱ्यात "१०० टक्के" दिसतं ते या ४१ चे १०० टक्के. नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. कोपऱ्यातला टक्का आजचा चार्ज सांगतो, बॅटरीचं वय सांगत नाही.

काही कंपन्यांच्या लॅपटॉपांवर एनर्जीऐवजी चार्ज-फुल आणि चार्ज-फुल-डिझाइन अशी नावं दिसतील. तिथे हिशेब मायक्रोअँपिअर-तासांत असतो. भागाकार तोच, उत्तरही तेच. तुमच्याच मशीनवर वेगळी नावं दिसली म्हणून बिघाड समजू नका.

त्याच यादीत सायकल-काउंट असते. पूर्ण बॅटरीएवढी वीज एकदा वापरली की एक सायकल, मग ती एका दिवसात वापरा की तीन दिवसांत. इथे ० दिसत असेल आणि लॅपटॉप दोन वर्षांचा असेल तर बॅटरी कोरी आहे असं समजू नका. फर्मवेअरने तो आकडा पुढे दिलेलाच नाही एवढाच त्याचा अर्थ. कंपनीने लिनक्सकडे किती लक्ष दिलं आहे याची पहिली खूण मला इथेच मिळते.

महिन्यातून एकदा तारीख, एनर्जी-फुल आणि सायकल-काउंट असे तीन आकडे वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवायची सवय लावा. वॉरंटीच्या वेळी ही वही फार कामाला येते.

टक्के मध्येच कोसळतात तेव्हा

आमच्या ओळखीची एक मुलगी साखळीहून रोज कदंब बसने पणजीला येते आणि पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात अभ्यासाला बसते. तिची तक्रार अशी: "काका, सत्तावीस टक्के दाखवत होतं आणि लॅपटॉप फटकन बंद पडला. सेव्ह करायलाही वेळ मिळाला नाही." तिचा लॅपटॉप दोन ऑपरेटिंग सिस्टिमचा होता, त्यामुळे तपास सोपा झाला. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा बॅटरी-रिपोर्ट या पर्यायासह दिली की एक अहवाल तयार होतो. त्यातली पूर्ण चार्जची क्षमता आणि लिनक्सच्या एनर्जी-फुलमधली क्षमता जवळजवळ सारखी निघाली. दोन्हीकडे एकच आकडा आणि दोन्हीकडे तोच धक्का, म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता. बॅटरीतल्या चिपचा हिशेब चुकला होता.

ही कसोटी लक्षात ठेवा. दोन्ही सिस्टिम एकच चुकीचा आकडा सांगत असतील तर बॅटरी किंवा फर्मवेअरकडे बोट करा. विंडोज बरोबर आणि लिनक्स चूक असेल तरच कर्नलकडे.

हिशेब चुकलेल्या चिपला पुन्हा वळण लावता येतं. बॅटरी १०० टक्के भरा आणि चार्जर लावूनच तासभर राहू द्या. मग चार्जर काढून साधं काम करत ती पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरवा आणि न थांबता पुन्हा पूर्ण भरा. हे करताना महत्त्वाचं काही उघडं ठेवू नका. आणि हे वारंवार करू नका. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण रिकामं होणं आवडत नाही, वर्षातून दोनदा बास. लिनोव्होचा थिंकपॅड वापरत असाल तर टीएलपी या वीज वाचवणाऱ्या साधनात यासाठी रिकॅलिब्रेटची तयार आज्ञा आहे.

एवढं करूनही टक्के कोसळतच असतील तर सेल थकले आहेत. नवी बॅटरी येईपर्यंत एक उपाय: ईटीसी फोल्डरात यूपॉवरचा, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सेवेचा, फोल्डर आणि त्यात यूपॉवर-डॉट-कॉन्फ ही फाइल आहे. तीत परसेंटेज-लो, परसेंटेज-क्रिटिकल आणि परसेंटेज-अॅक्शन अशा तीन पातळ्या आहेत. शेवटच्या पातळीला लॅपटॉप स्वतःहून झोपतो किंवा बंद होतो. ती ३० केली तर २७ वर दगा होण्याआधी काम सुरक्षित राहतं. मात्र तिन्ही पातळ्या उतरत्या क्रमात ठेवा, म्हणजे पहिल्या दोन ३० च्या वर न्या, आणि मग यूपॉवरची सेवा पुन्हा सुरू करा. त्या मुलीची परीक्षा याच उपायावर निभावली.

वीज जाते कुठे

बॅट-झिरोच्याच फोल्डरात बहुतेक वेळा पॉवर-नाऊ असते. चार्जर काढून ती वाचा, शेवटचे सहा अंक झाका, आत्ता किती वॉट खर्च होत आहेत ते कळेल. ४१ वॉट-तासांची बॅटरी आणि ८ वॉटचा खर्च, म्हणजे पाच तास. इंटेलने २००७ साली आणलेलं पॉवरटॉप हे साधन कुठला प्रोग्राम आणि कुठलं यंत्र किती जागं राहतं ते सांगतं. बहुतेकांच्या बाबतीत गुन्हेगार तीनच असतात: पडद्याचा उजेड, ब्राउझरमधला व्हिडिओ आणि एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. ते कार्ड रिकामं बसलं तरी वीज ओढत राहतं, त्यामुळे ज्यांना त्याची गरज नाही त्यांनी ड्रायव्हरच्या सेटिंगमधून फक्त इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स निवडावं.

वीज वाचवणारी दोन साधनं एकाच वेळी चालू ठेवू नका. डेस्कटॉपबरोबर आलेलं पॉवर प्रोफाइल्स डीमन किंवा टीएलपी, यांतलं एकच.

८० टक्क्यांवर थांबवा

लिथियमची बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: उष्णतेने आणि सतत काठोकाठ भरलेली राहिल्याने. गोव्यात एप्रिल-मेमध्ये दोन्ही एकदम घडतात. घरात टेबलावर चार्जर कायम लावलेला आणि खोलीत पंख्याचीच हवा. यावरचा खरा उपाय म्हणजे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं.

पण हे जमेल की नाही ते तुमच्या कंपनीवर ठरतं. कर्नलमध्ये प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर आहे: थिंकपॅडचा, आसुसचा, डेलचा, आयडियापॅडचा, एलजीचा, हुआवेचा. यांतले कित्येक कंपनीने दिलेले नाहीत. स्वयंसेवकांनी फर्मवेअर उलगडून, कोणतं बटण कोणता संदेश पाठवतं हे तासन्‌तास बघून लिहिले आहेत. त्या लोकांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. थिंकपॅडवर चार्ज कुठे सुरू व्हायचा आणि कुठे थांबायचा या दोन्ही मर्यादा देता येतात. आसुसच्या अनेक लॅपटॉपांवर फक्त थांबण्याची देता येते. आयडियापॅडवर आकडा देता येत नाही, फक्त कॉन्झर्व्हेशन मोड चालू किंवा बंद. एलजीवर ८० किंवा १००, मधलं काही नाही.

तुमच्या मशीनवर सोय आहे का ते पाहायला बॅट-झिरोत चार्ज-कंट्रोल-एंड-थ्रेशोल्ड नावाची फाइल शोधा. असेल तर पुढचं सोपं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या नोम ४८ पासून सेटिंग्जच्या पॉवर विभागात बॅटरीचं आरोग्य जपणारा पर्याय आला आहे. डेबियन १३ मध्ये तो आहे, उबुंटू २४.०४ मध्ये नाही. केडीईच्या प्लाझ्मात २०२० पासून मर्यादेचा आकडा टाकता येतो. बाकीच्यांनी टीएलपी घ्यावं. टीएलपी-स्टॅट ही आज्ञा बी या पर्यायासह दिली की तुमच्या लॅपटॉपला काय चालतं ते ती स्पष्ट सांगते. फाइलच नसेल तर बायोसमध्ये शिरून पाहा. डेलच्या आणि एचपीच्या व्यावसायिक मॉडेलांत ही मर्यादा तिथेच ठेवता येते आणि मग कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम असली तरी ती टिकते.

आता इथला प्रश्न. पावसाळ्यात सत्तरी, पेडणे, धारबांदोडा अशा भागांत झाड पडून लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा ८० ची मर्यादा हट्टाने धरू नका. जून ते ऑगस्ट ती ९५ वर न्या आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाली की पुन्हा ८० वर आणा. बॅटरीचं आयुष्य जपायचं ते कामासाठीच ना. मेघगर्जना सुरू झाली की मात्र चार्जर भिंतीतून काढायचा, यात तडजोड नाही. आणि लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत ठेवून गाडी उन्हात लावू नका. एक दुपार पुरते.

झाकण मिटल्यावर

बॅगेत गरम होणाऱ्या लॅपटॉपचं मूळ बहुधा झोपेच्या प्रकारात असतं. सिस फोल्डरातल्या पॉवर फोल्डरात मेम-स्लीप ही फाइल वाचा. तिथे एसटूआयडल आणि डीप असे शब्द दिसतील, चौकटी कंसातला सध्या चालू आहे. डीप म्हणजे जुनी गाढ झोप. २०२० च्या सुमारापासून अनेक नव्या लॅपटॉपांतून कंपन्यांनी ती काढून टाकली आणि विंडोजच्या सोयीची हलकी झोप तेवढी ठेवली. दोन्ही शब्द असतील तर लॅपटॉप सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत डीप देऊन पाहा. एकच असेल तर हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद होणं) लावता येतं, पण बायोसमधलं सिक्युअर बूट चालू असताना बऱ्याच वितरणांत, म्हणजे उबुंटू-फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांत, ते बंद असतं. रात्री झाकण मिटताना टक्के लिहा, सकाळी पुन्हा बघा. पाच-सात टक्के गेले तर चालेल, वीस गेले तर कंपनीकडे विचारणा करायची वेळ आली.

फर्मवेअर अद्ययावत ठेवा

बॅटरीच्या कितीतरी तक्रारी बायोस अपडेटने सुटतात, आणि त्यासाठी विंडोजची गरज उरलेली नाही. रेड हॅटमधल्या रिचर्ड ह्यूज यांनी २०१५ साली एफडब्ल्यूअपडी हे साधन आणि त्याला जोडलेली लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस सुरू केली. तिथे कंपनी आपलं फर्मवेअर ठेवते आणि ते तुमच्या सॉफ्टवेअर अॅपमध्ये नेहमीच्या अपडेटसारखं येतं. डेल आणि लिनोव्होचं पुष्कळ येतं. सगळ्या कंपन्यांचं आणि सगळ्या मॉडेलांचं येतं असं नाही. अपडेट करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. आकाश भरून आलं असेल तेव्हा बायोसला हात लावू नका.

विकत घेण्याआधी

"डॉस लॅपटॉप" स्वस्त मिळतो, कारण त्यात विंडोजचे पैसे धरलेले नसतात. पण त्यावर लिनक्स तपासून पाहिलं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उबुंटूकडे प्रमाणित हार्डवेअरची यादी आहे, तीत मॉडेलचं नेमकं नाव शोधा. डेलने २०१२ साली स्पुटनिक प्रकल्पातून एक्सपीएस १३ वर उबुंटू दिलं, लिनोव्होने २०२० साली काही थिंकपॅडांवर फेडोरा. अशा मालिकांमध्ये बॅटरी, झोप, फर्मवेअर यांची कटकट कमी असते, हा माझा ठाम अनुभव आहे. नवा महाग पडत असेल तर कार्यालयांतून निघालेला जुना थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड घ्या.

दुकानात जाताना लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे न बसवता लिनक्स चालवता येणारा पेनड्राइव्ह, खिशात ठेवा. पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवलं तर बहुतेक जण पेनड्राइव्हवरून सुरू करू देतात, डिस्कला धक्का लागत नाही. तिथल्या तिथे युइव्हेंट वाचा. जुन्या मशीनवर एनर्जी-फुल मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. चार्जची मर्यादा ठेवणारी फाइल आहे का पाहा. झाकण मिटा, पाच मिनिटं थांबा, उघडा. नीट जागा झाला तर पुढचं बोलणं करा.

कंपनीशी बोलताना

सेवा केंद्राचं ठरलेलं वाक्य असतं: आधी विंडोज घाला, मग बघू. वाद घालू नका. त्यांना हवा असतो त्यांच्या ओळखीचा पुरावा, आणि तो विंडोजशिवाय मिळतो. लॅपटॉप सुरू होताना डेलवर एफ १२ दाबून येणाऱ्या यादीत डायग्नोस्टिक्स निवडलं किंवा एचपीवर एफ २ दाबलं की कंपनीचीच हार्डवेअर तपासणी उघडते. लिनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत ती एफ १० वर आहे. बॅटरीची चाचणी चालवा आणि शेवटी येणारा कोड मोबाइलवर टिपून घ्या. तक्रारीत तो कोड, मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि महिन्याच्या नोंदींची वही जोडा. वॉरंटी संपायच्या आत करा. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला पुष्कळदा एकच वर्षाची असते, बिलाबरोबरच्या कागदात ते बारीक अक्षरांत दिलेलं असतं.

दोष कर्नलचा वाटत असेल तर आधी तुमच्या वितरणाच्या सगळ्यात नव्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाहा. तिथेही तेच दिसलं तर त्यांच्या दोष-नोंदणीत युइव्हेंटमधला मजकूर, मॉडेलचं नाव आणि कर्नलचा क्रमांक देऊन लिहा. "बॅटरी चालत नाही" एवढंच लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही. नेमके आकडे दिले तर तुमच्या मॉडेलसाठी दोन ओळींची दुरुस्ती खरंच कर्नलमध्ये येऊ शकते, आणि मग तोच लॅपटॉप असलेल्या जगभरच्या लोकांना ती मिळते.

बॅटरी बदलताना

टचपॅड वर आलं असेल, झाकण नीट मिटत नसेल, खालचा पत्रा फुगला असेल तर आकडे बघत बसू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका आणि टोचून हवा काढायचा विचारही करू नका.

नवी घेताना लेबलवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक बॅटऱ्यांवर तो नसतो. काहींमधली चिप तर एनर्जी-फुल कायम मूळ क्षमतेएवढंच सांगत राहते. बसवल्याच्या दिवशीच युइव्हेंट वाचून आधीच्या वहीत नवं पान सुरू करा आणि पहिल्या दोन महिन्यांत एनर्जी-फुल तसूभरही हललं नाही तर संशय घ्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे नवी जिथून घेता तिथे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात जुनी द्या, आणि देण्याआधी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.